भाऊसाहेब विमान उतरवतात

"विमान उडवायला अशी काय अक्कल लागते?" हे वाक्य मी पोह्यांची दुसरी बशी हातात असताना बोललो. पुढं जे झालं त्याला ती बशीच जबाबदार आहे, असं माझं आजही मत आहे. रिकाम्या पोटी मी असलं कधी बोलत नाही. पंचायत समितीत इतकी वर्षं काढली, वरिष्ठ सहायक झालो, ते वेळच्या वेळी तोंड मिटून ठेवल्यामुळंच.

त्या दिवशी बारामतीला आमच्या घरी बैठक होती. आमच्या लेकीनं, राजेश्वरीनं, इंदापूरकडचा ऋषिराज नावाचा मुलगा स्वतःच पसंत करून टाकला होता, आणि आता आम्ही सगळ्यांनी मिळून तो शोधल्यासारखं करायचं होतं. मुलगा दिसायला बरा, बोलायला नम्र, डिप्लोमा झालेला, घरची बागायत. अडचण एवढीच की तो करतो काय, हे एका ओळीत सांगता येत नव्हतं. तो रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा. बाजारातली खेळणी नव्हेत, मी दोन्ही हात पसरले तर इकडच्या बोटापासून तिकडच्या बोटापर्यंत येतील एवढे मोठे पंख. ती तो शाळा-कॉलेजांत उडवून दाखवायचा, पोरांना बनवायला शिकवायचा, आणि लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीवर वरून फुलं टाकायचा. आता उद्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, भाऊसाहेब, जावई काय करतात, तर मी काय सांगू? फुलं टाकतात?

म्हणून ते अकलेचं वाक्य.

मुलाचे वडील मानसिंगराव चहाच्या कपात बघत बसले. ऋषिराजचे कान लाल झाले. बोलली ती त्याची आजी, कुशाबाई. पदर सारखा करत म्हणाली, "उडवतंय कुनीबी, भाऊसाहेब. उतरवायचं अवघड, असं आमचा ऋषी म्हंतो. तुमी एकदा उतरवून दावा की."

"दाखवतो. त्यात काय," मी म्हणालो. बशी अजून हातात होती.

"मग ठरलं. तुमी इमान न मोडता उतरवलं, तर ह्यो पोरखेळ हाय असं आमी मानू, अन् सोयरिकीचं नाव काढनार न्हाय. मोडलं, तर पोरगी आमची."

आमच्या भागात बोलणीला चार माणसं बसवायची पद्धत आहे. आमच्या बाजूनं वजन दिसावं म्हणून मी सोसायटीतले दोघे बोलावले होते, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आप्पा आणि कापडदुकानवाले गोकुळशेठ. दोघांचं काम फक्त गादीवर बसायचं आणि योग्य वेळी मान हलवायची. ती त्यांनी नेमकी इथं हलवली. चार माणसांत मान हलली की शब्द पक्का. तो मागं घेणाऱ्याच्या घरी पुन्हा कुणी बैठकीला येत नाही.

राजेश्वरी आतल्या दारात उभी होती. "बाबा, हे काय करून बसलात?" एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं. विमान उतरवलं तर माझी पोरगी रडणार होती, मोडलं तर माझी शोभा होणार होती. तिसरा रकाना नव्हता. आधी सही करून मग कागद वाचणाऱ्या माणसासारखं माझं झालं.

कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे उरकायचं ठरलं. कारण मुलाच्या गावात विमान उतरवण्याजोगी सपाट जागा एकच होती, उसाच्या मधून गेलेला मुरमाचा रस्ता, आणि हंगाम सुरू झाला की त्यावर ट्रॉल्यांची रांग लागणार होती.

आता शिकवणार कोण? रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. ऋषिराज छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता आणि मागं विमान.

"काका, मीच शिकवतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी चुकीचं शिकवलं तर हाताला सवय लागते. मग ती जात नाही."

मी सरकारी नोकर. जो माणूस स्वतःच्या तोट्याचं काम आपण होऊन करायला येतो, त्याच्याकडं मी नेहमी संशयानं बघतो. हा मला मुद्दाम उलटं शिकवणार, हे मी तिथल्या तिथं ताडलं, आणि तो जे सांगेल त्याच्या उलट करायचं मनाशी ठरवलं. पुढचे बरेच अपघात या धोरणामुळं झाले.

विमान लाल-पिवळं होतं आणि दुमजली, म्हणजे एका पंखावर दुसरा पंख. पुढं दोन मोठी चाकं आणि मागं शेपटीखाली लिंबाएवढं एक. त्यामुळं उभं राहिलं की नाक आभाळाकडं. ऋषिराज म्हणाला, "हे कोलांट्या मारायचं विमान आहे, काका. उलटं उडतं, गिरक्या घेतं. सरळ जायचा याला कंटाळा येतो."

"मग सरळ जाणारं आण की."

"आजीनं हेच सांगितलंय."

कुशाबाईंविषयी माझं मत त्या दिवसापासून वाढलं.

उतरवायच्या पद्धती दोन. त्यानं आमच्या पार्किंगमध्ये विमान हातात धरून मला दोन्ही दाखवल्या. पहिली तीन चाकांची. विमान जमिनीजवळ आलं की त्याला उतरू द्यायचंच नाही. रिमोटवरची काडी हळूहळू मागं ओढत राहायची. ते खाली येतो म्हणतं, आपण नको म्हणायचं. असं करता करता ते दमतं आणि तिन्ही चाकांवर एकदम बसतं. दुसरी दोन चाकांची. शेपटी वर ठेवून, थोड्या वेगात, पुढची दोन चाकं आधी टेकवायची आणि टेकली की काडी किंचित पुढं. वेग उतरला की शेपटी आपोआप खाली येते.

"आणि टेकलं म्हणजे संपलं असं समजू नका," तो म्हणाला. "याचं वजन पुढच्या चाकांच्या मागं आहे. पळताना जरा तिरकं झालं की शेपटीला पुढं यायची घाई होते. मग ते जागच्या जागी गिरकी घेतं आणि पंख मोडतो. उभं राहीपर्यंत हात काडीवर पाहिजे."

हे सगळं चालू असताना पार्किंगमध्ये माणसं जमली होती. बारामतीत डोक्यावरून शिकाऊ विमानं रोज घिरट्या घालत असतात, त्यामुळं या विषयात आमच्याकडं प्रत्येकालाच गती आहे.

"दोन चाकंच," आप्पा म्हणाले. "मी जन्मभर गाडी हाणलीय. खड्ड्यात चारी चाकं एकदम घालतो का कुणी?"

"तीन," गोकुळशेठ म्हणाले. "मी दिल्लीला विमानानं गेलोय. खिडकीजवळची सीट होती माझी. उतरताना दणका एकच बसला. एक. म्हणजे सगळी चाकं एकदम."

"तुमी झोपला आसाल. दणके दोन असतात."

"खिडकीजवळ कोण झोपतं?"

यावर आप्पांनी दिवसभर उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीत दोन चाकवाले आणि तीन चाकवाले असे दोन पक्ष पडले. पाण्याच्या टाकीचा विषय मागं पडला. तळमजल्यावरच्या दोन सख्ख्या जावा वेगवेगळ्या पक्षांत गेल्या. माझी बायको सुप्रिया कुठल्याच पक्षात गेली नाही. ती म्हणाली, "मुलीच्या लग्नात लोक मांडव बघतात, कपडे बघतात. आमच्याकडं चाकं बघताहेत."

आता सरावाची जागा. बारामतीत विमानतळ असल्यामुळं गावात असलं काही उडवायचं म्हणजे नसती आफत. म्हणून सरावापुरतं ऋषिराजच्या गावाबाहेरचं खडबडीत गायरान ठरलं. इथं मला या विद्येतली सगळ्यात वाईट गोष्ट कळली. विमान आपल्यापासून लांब जात असेल तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. पण ते वळून आपल्याकडं यायला लागलं की सगळं उलटं. आणि उतरायला ते आपल्याकडंच येतं. म्हणजे जेव्हा अक्कल शाबूत लागते नेमकी तेव्हाच ती फिरवून वापरायची. त्यात मी ऋषिराजच्या सांगण्याच्या उलट करणारा. उलट्याचं उलटं सुलटं होतं की आणखी उलटं, हे कळायच्या आत पहिलं लँडिंग शेळ्यांत झालं.

शेळ्या वाचल्या. एक पंख गेला. आम्ही तो गोळा करतोय तोवर चारी बाजूंनी माणसं आली, काठ्या घेऊन. त्या दिवसांत आमच्या भागात एक बोलवा उठली होती, की चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात आणि मग येतात. गावोगाव पोरं राखणीला बसत होती. आमचं विमान दिवसाढवळ्या उडत होतं आणि ड्रोनसारखं दिसतही नव्हतं, पण म्हणूनच त्यांना संशय आला. ऋषिराजच्या गावचे हे लोक नव्हेत, पलीकडच्या वस्तीवरचे. त्यांनी आम्हाला विमानासकट पोलीस ठाण्यात नेलं.

"मी शासकीय कर्मचारी आहे," मी आयकार्ड पुढं केलं.

हवालदारानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हल्ली आयकार्ड चोरांकडं बी असतंय, साहेब. परवानगी हाय का उडवायची?"

परवानगी नव्हती. म्हणून अर्ज. अर्जाला नमुना होता आणि नमुन्यात कार्यक्रमाचा प्रकार निवडायचा होता: सभा, मिरवणूक, लाऊडस्पीकर, कुस्त्या.

"यात विमान नाही," मी म्हणालो.

"न्हाय ना. मग विमान उडवता येत न्हाय."

"पण ते उडतंय."

"उडंना. नमुन्यात न्हाय."

ही माझ्याच घराण्यातली भाषा होती. मी त्या माणसावर रागावूच शकलो नाही, उलट आपला हुद्दा त्याला मिळायला हवा होता असं वाटलं. शेवटी थोडा विचार करून त्यानं आम्हाला कुस्त्यांत घातलं. पैलवानाचं नाव म्हणून माझं नाव लिहिलं. प्रतिस्पर्धी या जागी काय लिहावं ते त्याला सुचेना, तेव्हा ऋषिराजनं विमानाच्या मोटारीची कंपनी सांगितली, आणि ते परदेशी मल्लाचं नाव म्हणून खपून गेलं. संध्याकाळपर्यंत इंदापूर तालुक्यात बातमी होती की बारामतीचे कुणी भाऊसाहेब या वयात एका गोऱ्याबरोबर कुस्ती खेळणार आहेत.

त्यानंतर सराव रोजचा झाला. ऑफिस सुटलं की गायरान. डावं-उजवं पक्कं व्हावं म्हणून मी घरीही अभ्यास ठेवला. सुप्रिया स्वयंपाकघरातून चहा घेऊन माझ्याकडं यायला लागली की मी हवेत दोन काड्या धरून तिला उतरवायचो. ती डावीकडं झुकली की माझा अंगठा उजवीकडं. दोन-तीनदा तिनं सहन केलं. मग चहा मधल्या खोलीत ठेवून हाक मारायला लागली. ऑफिसातही अर्जदार टेबलाकडं येताना माझे अंगठे हलायचे. एक म्हातारी कुणाला तरी म्हणाली, भाऊसाहेबांना कंप सुटलाय, बिचाऱ्यांकडनं लवकर सही घ्या.

गायरानावर मी ते विमान सगळीकडं उतरवलं, फक्त जमिनीवर सरळ नाही. बाभळीत उतरवलं. वांग्यांत उतरवलं. एकदा ते टेकलं, उडी मारून वर गेलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं, असं उड्या मारत मारत ओढ्यात गेलं. आप्पा सरावाला यायचे आणि "ब्रेक, ब्रेक" करायचे. त्याला ब्रेक नव्हता. गोकुळशेठ दुकान पोराकडं सोपवून यायचे आणि प्रत्येक वेळी दणके मोजायचे.

ऋषिराज मात्र काही बोलायचा नाही. मोडलेले तुकडे गोळा करायचा, घरी नेऊन चिकटवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान नवं होऊन यायचं. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. मला त्याचा त्रास व्हायला लागला. मी स्वतः हे वाक्य दिवसातून अनेकदा वापरतो. त्याच्या उलट करायचं धोरणही मी केव्हातरी सोडून दिलं, कारण तो खरंच नीट शिकवत होता आणि मी ते ऐकलं की विमान कमी मोडत होतं.

एकदा तुकडे वेचता वेचता मी त्याला विचारलंच. "तू मला खरं का शिकवतोस? चुकीचं शिकव. विमान मोडेल, पैज तू जिंकशील."

त्यानं हातातला पंख खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती, हे मला तोंडावरून दिसत होतं.

"हो की," तो म्हणाला. "पण काका, डोळ्यादेखत पडताना बघवत नाही हो."

मी घरी जाऊन जेवलो नाही. सुप्रियानं विचारलं काय झालं, तर मी म्हणालो पित्त. पित्त नव्हतं. हा पोरगा मला आवडायला लागला होता आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं, कारण चार माणसांत मान हललेली होती. हरायचं म्हटलं तर सगळं सोपं होतं. पण मुद्दाम हरायचं तर मग मी रोज शिकत कशाला होतो, आणि शिकताना मला इतकं बरं का वाटत होतं, हेही उमगत नव्हतं. राजेश्वरी रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज मोडलं का?" मोडलं म्हटलं की तिला बरं वाटायचं आणि मला वाईट. मग मला वाईट वाटलेलं बघून तिला वाईट वाटायचं. घरात धड कुणीच आनंदात नव्हतं.

शेवटी दिवस उजाडला. गावाच्या फाट्यावरच माझा फ्लेक्स. फोटो ऑफिसच्या आयकार्डावरचा, एवढा मोठा केलेला की नाक रस्त्याच्या पलीकडून दिसावं. खाली 'विमानवीर भाऊसाहेब यांचे हार्दिक स्वागत' आणि त्याखाली निवडणुकीला उभं राहू बघणाऱ्या गावातल्या सगळ्या इच्छुकांचे हसरे फोटो. काही माणसं कुस्ती बघायलाच आली होती. ती विमान बघून थोडी नाराज झाली, पण थांबली.

उडायच्या आधी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. मी म्हणालो, आधी उतरवू तर द्या, मग सत्कार करा. मानसिंगराव म्हणाले, "मोडल्यावर सत्कार करायचा म्हंजी बरं दिसंना, भाऊसाहेब. म्हून आधीच उरकला." फेटा सैल बांधला होता. तो एका डोळ्यावर उतरायला बघत होता.

मग पूजा. आमच्याकडं कुठलंही नवं वाहन पूजेशिवाय हलत नाही. ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो, कांदा नेणारा टेम्पो असो. हे विमान आता नवं राहिलं नव्हतं, त्याच्यात डिंक लाकडापेक्षा जास्त होता, पण गावासमोर पहिल्यांदाच उडणार होतं. कुशाबाईंनी पंखावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवून त्यावरून विमान पुढं ढकललं. ऋषिराज तेवढ्यात रस्त्यावरची पोरं बाजूला करायला गेला होता. तो जाताच कुशाबाईंनी झेंडूची माळ आणि लिंबू-मिरचीचा झुबका काढला.

"म्होरं पंखा फिरतोय, गुतायचं," त्या म्हणाल्या, आणि तो सगळा ऐवज शेपटीच्या चाकाला घट्ट बांधला. "कुनाची नदर लागाय नगं."

मी बघत होतो. विमान मोडावं ही ज्या बाईच्या घराची इच्छा, तीच त्याची दृष्ट काढत होती. मी म्हटलं, असेल काहीतरी, आपल्याला या पैजेतलं आधीच काही कळत नाही. लिंबाचं वजन ते किती.

विमान उडालं आणि नाक वर करून सरळ आभाळात चढायला लागलं. मी काडी पुढं दिली, ते खाली आलं, मी सोडली, ते पुन्हा वर. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं कसरत चाललीय. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ऋषिराज माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं डोळे बारीक करून वर पाहिलं. "काका, शेपटीला काय आहे?"

"लिंबू."

"एक?"

"मिरच्यांसकट. आणि झेंडू."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "एवढ्या मागं एक लिंबूसुद्धा फार होतं. शेपटी जड झालीय."

आता नीट ध्यानात घ्या. त्यानं यापुढं काहीच बोलायची गरज नव्हती. ते विमान मला एकट्याला आवरलं नसतं. तो नुसता गप्प उभा राहिला असता तरी ते आपोआप पडलं असतं, दोष लिंबाचा झाला असता, माझी लाजही राहिली असती आणि त्याला माझी पोरगी मिळाली असती. रस्त्याच्या कडेला राजेश्वरी उभी होती. ती दोन्ही हातांत ओढणीचं टोक पिळत होती.

"काडी पुढं दाबूनच ठेवा," तो म्हणाला. "सोडू नका. पॉवर एकदम काढू नका, दुमजली आहे, दगडासारखं येईल. वळवा आता. हं. आता ते आपल्याकडं येतंय, डावं-उजवं सांभाळा."

विमान वळलं आणि उसाच्या तुऱ्यांवरून खाली यायला लागलं. माझ्यामागं दोन्ही पक्ष पेटले. "दोन, दोन," आप्पा ओरडत होते. "तीन," गोकुळशेठ. फेटा डाव्या डोळ्यावर आला. एका डोळ्यानं मी बघत होतो आणि एका कानानं फक्त त्या पोराला ऐकत होतो.

"अजून नाही," तो म्हणत होता. "आता हळूहळू मागं. उतरू देऊ नका. अजून नाही. धरा. धरा."

मी धरलं. विमान रस्त्याच्या वर हातभर अंतरावर तरंगत राहिलं, नाक किंचित वर, जणू त्याला उभ्याउभ्याच डुलकी लागली होती. मग ते बसलं. तिन्ही चाकं एकदम. मुरमावर चाकांचा चरचर आवाज झाला. एकच दणका, तोही अगदी मऊ.

कुणी टाळी वाजवली नाही. विमान न मोडता उतरलं म्हणजे काय, हे गावाला माहीत होतं. मला मात्र आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. मला सगळ्यांना सांगायचं होतं, बघा, मी उतरवलं.

आनंद आणखी एकाला झाला होता. ऋषिराजनं मला कडकडून मिठी मारली. "काका, तिन्ही चाकं," तो म्हणत होता. "एकदम. मलासुद्धा दहादा केल्यावर एकदा जमतं." त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याच्या खांद्यावरून मला राजेश्वरी दिसली. ती कुशाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. त्यालाही ती दिसली असावी, कारण त्याचे हात माझ्या पाठीवरून सुटले. आपण काय घालवलं, हे त्याला तेव्हा कळलं.

विमान अजून पळत होतं. काड्या अजून माझ्या हातात होत्या.

मी शेपटी वळवायची डावी काडी पार टोकाला नेली आणि पॉवर दिली. विमानानं जागच्या जागी गिरकी घेतली, खालचा पंख मुरमात रुतला, वरचा मोडला, आणि लिंबू-मिरचीसकट ते उसात गेलं.

"मोडलं," मी जाहीर केलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण ऋषिराज शिकवणारा माणूस. तो उसाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, काडी पूर्ण टोकाला का दिलीत?"

"हात घसरला."

"हात असा घसरत नाही. मी बघितलं. वर पॉवरसुद्धा दिलीत." तो आजीकडं वळला. "आज्जे, हे धरायचं नाही. काकांनी उतरवलं होतं. त्यांना येतं."

"मला येत नाही," मी म्हणालो.

"येतं, काका. चांगलं येतं."

"नाही येत म्हणतो ना," मी सगळ्या गावासमोर ओरडलो. फेटा पुरता सुटून गळ्यात आला होता. "बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणालाही विचार, मला एकदाही आलेलं नाही. शिकवून शिकवून तू दमलास, तरी आलं नाही. तुझी विद्या अवघड आहे. तिला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडं नाही. आता गप्प बस की, गाढवा."

तो गप्प बसला. त्याला उशिरा का होईना कळलं, कारण त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले.

कुशाबाई काठीच्या आधारानं पुढं आल्या. त्यांनी उसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "भाऊसाहेब, मोडलं न्हवं?"

"मोडलं."

"मग पोरगी आमची," त्या म्हणाल्या आणि मानसिंगरावांना साखर आणायला सांगितली.

परतीच्या भाड्याच्या जीपमध्ये सुप्रिया आणि राजेश्वरी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि फोनवर फोन चालले होते. मागं मी मधे, एका बाजूला आप्पा, एका बाजूला गोकुळशेठ. इतके दिवस भांडलेल्या त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. दोन चाकं असोत की तीन, काही माणसांच्या हातातच ते नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आप्पांनी माझं कुठं चुकलं ते भिगवण रोड लागेपर्यंत समजावून सांगितलं. तिथून पुढं गोकुळशेठ बोलले. उतरलं होतं हो चांगलं, ते म्हणाले, पण शेवटच्या क्षणी घाबरलात. घाबरायचं नसतं, भाऊसाहेब. आमच्या दिल्लीच्या पायलटला बघायला पाहिजे होतं तुम्ही.

"बरोबर आहे," मी म्हणालो. बारामती येईपर्यंत मी तेच म्हणत होतो.